दोन तास वाट पाहिली

१

गोदाबाईंच्या चितेला अग्नी दिला गेला तो दुपारी चारनंतर. तो दिल्याचा निरोप त्यांच्या धाकट्या मुलाला सकाळी नऊलाच मिळाला होता.

ही गोष्ट घराबाहेर पहिल्यांदा गेली ती आठव्या दिवशी. बऱ्हाणपूरच्या लालबागेत गोदाबाईंची धाकटी बहीण प्रतिभा राहते. विमा कंपनीच्या खंडव्याच्या कचेरीत तिने नोकरीभर मृत्यूचे दावे तपासले आणि दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. तिच्या स्वयंपाकघरात तो धाकटा मुलगा, निरंजन, खुर्चीच्या कडेवर बसला होता. चहावर साय धरली होती. तो वडिलांबद्दल, वामनरावांबद्दल, सांगत होता.

"आबा म्हणाले, परवा दहाव्याला घाटावर यायचं तर ये, पण पिंडाला हात लावायचा नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, मावशी."

"कारण?"

"मी आलो नाही म्हणून. लोक मायला घेऊन बसले. बर्फाच्या लाद्या दोनदा आणल्या. आणि मी फोन बंद करून इंदुरात पडून होतो."

"होतास?"

"होतो."

त्याने मोबाइल तिच्यापुढे सरकवला. निरोप गोदाबाईंच्याच फोनवरून आला होता. घरात तो फोन ज्याच्या हाताला लागेल तो वापरायचा, हे प्रतिभाला ठाऊक होतं. तिने मजकूर दोनदा वाचला.

'दोन तास वाट पाहिली. तू पोचला नाहीस. लोक खोळंबले होते. अग्नी दिला. आता धावपळ करू नको.'

"हा कधी वाचलास?"

"इंदूरला उतरल्या उतरल्या. विमान अजून धावपट्टीवरच होतं."

निरंजन हैदराबादला हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. हैदराबाद ते इंदूर विमानाला दीड तास लागतो. तो बोलताना दोन तास म्हणतो, तीन वर्षांपासून म्हणतो.

"मग पुढे का नाही आलास? अग्नी दिला असला तरी घर होतं ना."

"अग्नी दिल्यावर पोचणाऱ्या मुलाकडे लोक कसे बघतात ते तुला माहीत आहे. मला त्या दारातून आत जाता आलं नसतं. बसस्टँडजवळ खोली घेतली आणि फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो, तेव्हा कळलं की चार वाजेपर्यंत सगळे थांबले होते."

"आबांना हे दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, मोबाइलात काय वाटेल ते लिहून आणता येतं. मायच्या फोनात बघितलं तर तिथे काही नाही. कुणीतरी पुसलंय."

"आणि मला आज सांगतोस."

"घरातल्याच कुणाचं तरी नाव निघणार, मावशी. हिंमत झाली नाही."

प्रतिभाने मोबाइल उलटा ठेवला. "हे घरातल्या माणसाने लिहिलंय, आणि त्या माणसाला तू यायला नको होतास. का नको होतास, ते बघू. पण एकदा सापडलं की परत झाकता येत नाही. चालेल तुला?"

निरंजनने सायीचा चहा बाजूला सारला.

"मला पिंडाला हात लावू द्या, एवढंच हवंय."

"एवढंच मिळेल असं नाही," प्रतिभा म्हणाली आणि चप्पल घालायला उठली.

२

सुतकाच्या घरात बहिणीला कुणी कशाला आलीस असं विचारत नाही. ओसरीवर सतरंजी होती. थोरला मुलगा लीलाधर भिंतीला टेकून फोनवर बोलत होता. तो केळीचा व्यापारी. फोपनार आणि आसपासच्या गावांतला माल इंदूरच्या बाजारात पाठवतो. सुतकातही ट्रक थांबत नाहीत. त्याने फोन ठेवला आणि मावशीकडे बघितलं.

"निरंजन तुझ्याकडे गेला होता ना? तू पण त्याचीच बाजू घेऊन राहिली का?"

"अजून कुणाचीच नाही. त्या सकाळचं सांग."

"काय सांगू? सातला त्याचा फोन आला. स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकला. 'विमानात बसतोय, दोन तासांत येतो.' आता दोन तासांत कसा येईल? मी गल्लीतल्या लोकांना सांगितलं, तीन वाजता या. नऊला उतरला तरी इंदूरहून गाडीला साडेचार तास धरा. सिमरोलचा घाट आहे, मोरटक्क्याचा पूल आहे, खंडव्याचा जाम आहे. घाटात एखादा ट्रक आडवा पडला तर मग देवालाच मालूम."

"तुला रस्ता पाठ आहे."

"पोट आहे माझं त्या रस्त्यावर." तो जरा हसला, मग हसल्याचं त्याला बरं वाटलं नाही. "आमचा भाऊ म्हणजे हवाई माणूस, मावशी. तीन वर्षांपासून दोन तासांवर राहतो. अजून पोचला नाही."

"तो न येता तर तुला बरं वाटलं असतं?"

"मला?" लीलाधरचा आवाज खाली आला. "अग, मी भांडलो त्याच्यासाठी. आबा म्हणत होते, वैशाखाचं ऊन आहे, लवकर काढा. दोन-चार म्हातारेही तेच म्हणाले. मी म्हटलं, नाही, निरंजन येऊन राहिला, थांबा. मायचं तोंड त्याला बघू द्या. आणि त्याने फोन बंद केला. दुपारभर मी सगळ्या गल्लीसमोर फोन लावतोय आणि बाई सांगतेय, आप जिससे संपर्क करना चाहते हैं. गल्लीतली पोरंसोरं माझ्याकडे बघत होती. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही."

"फोन कोणता लावत होतास?"

"मायचाच. माझ्या फोनवर ट्रकवाले. दहापासून तो माझ्याच खिशात होता."

"आणि दहाच्या आधी?"

लीलाधरने आतल्या खोलीकडे बोट केलं. "भूमिकाकडे. तिने त्याच्यावर काय काय केलं, ते तिलाच विचार."

३

भूमिका लीलाधरची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिने मावशीआजीला पाणी दिलं आणि विचारायच्या आधीच सांगायला लागली.

"मावशीआजी, मैं तो लाइव्ह देख रही थी. ॲपमध्ये छोटं पिवळं विमान दिसतं ना, ते. आधी तेलंगणा, मग महाराष्ट्र, मग आपल्यावरूनच गेलं जवळपास. मला वाटलं, काका इथूनच उडी का नाही मारत. फिर नौ बजे लँड झालं. मी मम्मीला सांगितलं, आता रोडने साडेचार तास."

"आजीचा फोन तेव्हा कुठे होता?"

"आठला मी देवघराच्या कोनाड्यात चार्जिंगला लावला होता. सगळ्या नातेवाइकांना फोन करून बॅटरी उतरली ना."

"तिथे कोण कोण गेलं?"

"कोण नाही गेलं? उदबत्ती तिथे, काडेपेटी तिथे. मम्मी गेली, बाबा गेले, आबा गेले, आजीला आंघोळ घालायला आलेली मालूआजी पण."

"त्या फोनातलं कळतं कुणाकुणाला?"

"मालूआजी सोडून सगळ्यांना. तिला वाचता नाही येत. आबा तर रोज सकाळी दुनियाभरात गुलाबाचे फोटो पाठवतात. फोन फुल होतो, मग डिलीट करत बसतात. वो भी मैंने ही सिखाया." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. "काकांना कुणी खोटं सांगितलं का, मावशीआजी? घरातल्या कुणी?"

प्रतिभाने पेला तिच्या हातात परत दिला. ती मागच्या पडवीत गेली. तिथे लीलाधरची बायको शोभा बिनफोडणीच्या भाजीसाठी दुधी चिरत होती. शोभाचं माहेर इंदूरचं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. सासूचं खाणंपिणं, औषधं, कपडे, सगळं तिच्याच हातून झालं.

"निरंजन किती वाजेपर्यंत येईल असं तुला वाटलं होतं, शोभा?"

"अडीच. शेजारून आलेल्या भातातली मूठ मी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. उपाशी येणार म्हणून."

"तो आला नाही, याचं वाईट वाटलं?"

विळीवरचा हात थांबला.

"नाही," शोभा म्हणाली. "बरं वाटलं."

"का?"

शोभाने आधी ओसरीकडे बघितलं, मग दुधीकडे.

"मावशी, मला विचारू नका. तुम्ही विचारलं तर मला सांगावं लागेल."

४

दावे तपासताना प्रतिभाची एक सवय होती. जिवंत माणसं पुरेसं बोलली की ती मेलेल्या माणसाला शेवटचं ज्याने पाहिलं त्याच्याकडे जायची. गल्लीत कुणी बाई गेली की आंघोळ घालायला मालूबाईंना बोलावतात. त्या तीन घरं पलीकडे राहतात.

मालूबाईंनी पाट पुढे केला. "बस बाई. तुझी बहीण भाग्याची. नवऱ्याच्या आधी गेली, हिरवा चुडा लेऊन गेली."

"चुडा तुम्ही भरलात?"

"मी कशाला? मी कासारणीला निरोप धाडत होती, तर वामनदादा बोलले, राहू दे, मीच भरल्या." मालूबाईंनी पदराने डोळे टिपले. "इतक्या बायकांना न्हाऊ घातलं मी, पण नवऱ्याने बांगड्या भरलेल्या कधी बघितल्या नाहीत. मनगटापासून वर, इथपर्यंत. दोन्ही हातांत. बायका रडायला लागल्या बघून."

"आंघोळ घालताना काढल्या असतील ना?"

"काढू देतात होय! दारातच उभे. बोलले, हाताला लावू नका, फुटतील, अहेव बाई आहे. मग आम्ही हात सोडून बाकीचं न्हाऊ घातलं."

"नंतर कुणी हात बघितले?"

"हातात काय बघायचं?" मालूबाई म्हणाल्या. मग त्या प्रतिभाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

प्रतिभा परत आली ती ओसरीवर न थांबता थेट आतल्या खोलीत गेली. गोदाबाईंची लोखंडी खाट भिंतीशी उभी करून ठेवली होती. हिरवा रंग सगळीकडे शाबूत होता. फक्त दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर, समोरासमोर, निजलेल्या माणसाचे हात येतील तिथे, तो घासून गेला होता. खालचं लोखंड आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. एका रात्रीत लोखंड असं होत नाही.

बाहेर ओसरीवर वामनराव धूलकोटहून आलेल्या कुणाला तरी सांगत होते, "धाकट्याचं नाव काढू नका. तो आम्हाला नाही."

५

नवव्या दिवशी दुपारी घर निजलं होतं. वामनराव आतल्या खोलीत एकटे होते. नगरपालिकेच्या पाणी विभागातून निवृत्त झालेला, ताठ कण्याचा, कमी बोलणारा माणूस. प्रतिभा आत आली तसं त्यांनी कानातलं ऐकायचं यंत्र काढून उशीखाली ठेवलं.

ती समोर बसली. तिने उशीखाली हात घालून यंत्र काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"लावा, दाजी."

त्यांनी लावलं.

"निरंजनला आलेला निरोप खरा आहे. तो याच घरातून गेला. कुणी लिहिला, ते मी त्यातल्या एका वाक्यावरून काढलं. 'दोन तास वाट पाहिली.' सातला त्याने दोन तासांत येतो म्हटलं, आणि नऊला हा निरोप गेला. लीलाधर असं लिहिणार नाही. त्याने लोकांना तीनची वेळ दिली होती. शोभाने अडीचच्या हिशेबाने भात ठेवला. भूमिका तर विमान डोळ्यांनी बघत होती. नऊला तो जेमतेम इंदूरला टेकलाय आणि पुढे साडेचार तास आहेत, हे तिघांनाही माहीत होतं. मालूबाईंना अक्षर येत नाही."

"माहीत असूनही कुणी मुद्दाम लिहिलं असेल."

"खोटं लिहिणाऱ्याला ते खरं वाटायला हवं असतं. रस्ता माहीत असलेला माणूस दुपारी लिहिता, किंवा वेळेचं नावच काढता ना. नऊ वाजता 'तू पोचला नाहीस' असं लिहून आपलं खोटं कोण कच्चं करेल? हे त्यानेच लिहिलं, ज्याला खरोखर वाटत होतं की पोरगा आता कुठल्याही क्षणी दारात उभा राहणार. विमान कुठे उतरतं, हे ज्याने कधी विचारलं नाही."

वामनराव भिंतीकडे बघत होते.

"दोन तासांवर आहे, असं तोच म्हणायचा," ते म्हणाले. "दर फोनला. 'आबा, काळजी करू नका, दोन तासांवर तर आहे मी.' मला वाटलं, दोन तास म्हणजे दोन तास. लीलाधरने तीनची वेळ दिली, ते मला ऐकूच आलं नाही. मी घड्याळ बघत बसलो होतो, प्रतिभा. नऊ वाजले. मोटारीचा आवाज झाला की मी उठून दारात जायचो."

"आणि निरंजनला हे का लक्षात आलं नाही, ते मला कालपासून खटकत होतं. निरोप वाचला तेव्हा तो इंदूरला होता. त्यालाही हिशेब करता आला असता. पण त्याच्या मनात आपण उशीर केला हे आधीपासून पक्कं होतं. त्याने लगेच मान्य केलं."

वामनरावांनी उशी सरळ केली.

"आता बांगड्यांचं सांगा, दाजी."

त्यांनी उजव्या हाताने डावं मनगट धरलं.

"तिला काही उमजेनासं झालं होतं. ती रात्री उठून जायची. दोनदा लोकांनी हायवेवरून आणली. एकदा तर अंगावर लुगडंही धड नव्हतं. दाराला कुलूप लावलं, तर दार बडवायची. गल्ली जागी व्हायची. सकाळी लोक विचारायचे, रात्री काय झालं वामनराव? काय सांगू? मग उपरण्याने बांधायला लागलो. मऊ होतं उपरणं. सकाळी सोडायचो, मनगटांना तेल लावायचो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"लीलाधरला माहीत होतं?"

"त्याने दार उघडून कधी बघितलं नाही. शोभाने एकदा बघितलं. दार हळूच लावून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या पानात तूप जास्त वाढलं होतं. आम्ही कधी बोललो नाही त्याच्यावर."

"त्या रात्री काय झालं?"

"मी यंत्र काढून झोपतो. तिने हाक मारली असेल." त्यांनी भिंतीशी उभ्या केलेल्या खाटेकडे बघितलं. "पहाटे उठलो तर ती गेली होती. हात तसेच. सोडले तर खुणा जाईनात. तेल लावलं, तरी जाईनात. मग तिच्या पेटीतल्या बांगड्या काढल्या."

"डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं."

"बांधली नसती तरी पडलं असतं का?"

"मला माहीत नाही," प्रतिभा म्हणाली. खोटा दिलासा द्यायची तिला सवय नव्हती.

"निरंजन आला की आधी तिचे हात धरतो. लहानपणापासून. बोटं मोडतो, मनगट फिरवून बघतो. आता तर त्याचा धंदाच तो. बांगड्या वर सारायला त्याला किती वेळ लागला असता?"

"तो आता काही बघू शकत नाही. मग त्याला पिंडापासून का तोडता?"

वामनरावांचा चेहरा पहिल्यांदा हलला.

"घरी आला तो माझ्या पायांवर पडला. म्हणाला, आबा, मला माफ करा, मी वेळेवर आलो नाही. मला म्हणाला, मला! घाटावर तो पुन्हा तेच म्हणेल. तो माझी माफी मागत समोर बसला, तर मी तिचा दहावा कसा होऊ देऊ?"

ओसरीवर कुणीतरी कूस बदलली. प्रतिभाने आवाज आणखी खाली आणला.

"माझी बहीण होती ती. मी इथून रिक्षाने दहा मिनिटांवर राहते. संक्रांतीला आले, वाण दिलं, ओसरीवरूनच परत गेले. ती आत आहे म्हणाले, झोपली आहे म्हणाले, मला तेवढं पुरलं. तेव्हा बांधल्याबद्दल तुम्हाला बोलायचा माझा हक्क थोडा आहे. पण निरोप तुम्ही लिहिलात. त्या पोराला सगळं गाव नावं ठेवून राहिलं आणि ते मान खाली घालून ऐकतं."

"दहावा होऊ दे. मग सांगतो त्याला."

"दहावा झाल्यावर सांगून काय उपयोग, दाजी?"

त्यांनी यंत्राला हात लावला, पण काढलं नाही.

"सकाळी तुम्ही बोलला नाहीत, तर मी बोलेन," ती म्हणाली आणि उठली.

६

दहाव्याला तापीच्या घाटावर बरीच माणसं होती. तुकईथडहून गोदाबाईंच्या माहेरचे आले होते, धूलकोटचे पाहुणे होते, गल्लीतले झाडून सगळे होते. लीलाधरचं मुंडण झालं होतं. निरंजन वरच्या पायऱ्यांवर उभा होता, जिथे वाहनांचे ड्रायव्हर उभे राहतात तिथे. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जागा मोकळी होती.

शोभा बायकांत बसली होती. प्रतिभा तिच्याशेजारी जाऊन बसली.

गुरुजींनी दर्भ वेगळे केले. "पिंडाला मुलं किती बसणार?"

"एकच," लीलाधर म्हणाला.

"दोन," वामनराव म्हणाले.

लीलाधरने वर बघितलं. वामनराव उभे राहिले. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज आपोआप मोठा होतो, त्यामुळे ते बोलले ते वरच्या पायरीपर्यंत पोचलं.

"निरंजन खरं बोलून राहिला. अग्नी दिला म्हणून निरोप मी पाठवला होता. मायच्या फोनवरून. मीच लिहिला आणि मीच पुसला."

माणसांत चुळबुळ झाली. तुकईथडचे एक वयस्कर पाहुणे समजुतीने पुढे झाले. "दुःखात माणसाच्या हातून होतं, वामनराव. डोकं ठिकाणावर राहत नाही. बसा, बसा."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. वाट मोकळी करून दिली होती. वामनरावांनी फक्त खाली बसायचं होतं. ते बसले असते तर विषय तिथे संपला असता, निरंजनला पिंडाला हात लावता आला असता, आणि प्रतिभाही कदाचित गप्प राहिली असती.

"चुकून नाही लिहिलं," वामनराव म्हणाले. "मी तिला रात्री बांधून ठेवायचो. खाटेला. हाताला खुणा होत्या. निरंजनला दिसू नयेत म्हणून लिहिलं."

सगळी माणसं नदीकडे बघायला लागली. नदीत बघण्यासारखं काही नव्हतं. वैशाखातली तापी, खडक वर आलेले, मधे थोडं हिरवं पाणी. बायकांत मालूबाईंनी पदर तोंडावर घेतला. शोभाची मान आणखी खाली गेली. लीलाधरने समोरच्या केळीच्या पानावरचे तांदूळ एकेक करून गोळा करायला सुरुवात केली. त्याचं काही काम नव्हतं.

निरंजन पायऱ्या उतरून आला. तो आता काय करणार, हे कुणाला बघायचं नव्हतं, आणि कुणी नजर वळवलीही नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दिवाळीपासून."

निरंजनने भावाकडे बघितलं. "दादा, दिवाळीत तू फोन केला होतास. माय रात्रीची निघून जाते, काय करायचं, तू ये एकदा म्हणालास."

लीलाधर तांदूळच गोळा करत राहिला. "हो."

"मी काय म्हटलं होतं?"

"राहू दे ना आता."

"सांग."

"सध्या काहीतरी करून घरात ठेवा म्हणालास." लीलाधरने तांदूळ परत पानावर टाकले. "दोन तासांवर आहे, आलो की बघतो म्हणालास."

निरंजन वडिलांसमोर उभा राहिला. त्याने हात जोडले नाहीत आणि माफीही मागितली नाही.

"मला विचारलं असतं ना आबा, तर मीही हेच सांगितलं असतं. मऊ कापडाने बांधा. आमच्या दवाखान्यातही बांधतात, म्हातारे पेशंट रात्री पडू नयेत म्हणून. मी स्वतः बांधलंय." त्याने वडिलांच्या हातांकडे बघितलं. "रात्री एकदा उठून सैल करायचं, हात चोळायचे, एवढंच जास्त सांगितलं असतं."

वामनरावांनी कानातल्या यंत्रावर बोट दाबून धरलं होतं.

"सैल करायचं असतं?" त्यांनी विचारलं.

गुरुजींनी लीलाधरच्या शेजारी दुसरा पाट मांडला आणि निरंजन त्यावर बसला.